आकृती पाठ, अर्थशास्त्र कच्चं

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: विद्यापीठात पहिल्या वर्षाला अर्थशास्त्र शिकवायला लागून तीन वर्षं झाली. वर्गात सव्वाशे मुलं आहेत. मागणी-पुरवठ्याची आकृती जवळपास सगळ्यांना काढता येते, गुणही बरे पडतात. पण एखादी साधी आर्थिक बातमी पुढे ठेवून ‘असं का झालं असेल?’ म्हटलं की वर्ग चिडीचूप. शिकवण्यात नेमकं काय बदलावं, आणि मुलांना अभ्यास कसा करायला सांगावा?

मी हा विषय पंचवीसेक वर्षं शिकवतेय. त्यातली पहिली आठ-नऊ वर्षं तुमच्यासारखीच गेली, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मुलं गप्प बसतात ती त्यांना काही माहीत नसतं म्हणून बसत नाहीत. प्रत्येक जण वर्गात येतो तेव्हा स्वतःचं एक घरगुती अर्थशास्त्र डोक्यात घेऊनच येतो. विक्रेत्यावर कर लावला की तो भाव वाढवून सगळा कर ग्राहकाच्या माथी मारतो. महागाई कमी झाली म्हणजे वस्तू स्वस्त झाल्या. सौद्यात एकाचा फायदा झाला म्हणजे दुसऱ्याचा तोटा झालाच. बँक ठेवीदाराचे पैसे उचलते आणि कर्जदाराला देते. या भिंतीवर आपण वर्षभर आकृत्यांचा गिलावा चढवतो. परीक्षा झाली की गिलावा गळून पडतो आणि आतली भिंत जशीच्या तशी उभी असते. वर्गात बातमी विचारली की मुलाला घरगुती उत्तर सुचतं, पण ते ‘पुस्तकातलं’ नाही एवढं त्याला कळतं. पुस्तकातलं उत्तर इथे कसं लावायचं ते कळत नाही. मग गप्प बसणं सोयीचं.

म्हणून माझा सल्ला मुळात एकच आहे. सिद्धांत सांगायच्या आधी मुलाकडून त्याचं स्वतःचं उत्तर काढून घ्या, तेही कागदावर. ते चुकू द्या. मग सिद्धांत आणा. खेळ, आकडेवारी, नवी पाठ्यपुस्तकं वगैरे बाकीचे बदल या एका गोष्टीला जोडले तर कामाचे, नाहीतर ती नुसती करमणूक.

घरगुती अर्थशास्त्र किती चिवट असतं याचा एक दाखला मी दरवर्षी पहिल्याच तासाला देते. पॉल फेरारो आणि लॉरा टेलर या दोघांनी २००५ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत १९९ अर्थशास्त्रज्ञांना एक प्रश्न विचारला होता. तुम्हाला एरिक क्लॅप्टनच्या कार्यक्रमाचं तिकीट फुकट मिळालंय, ते विकता येणार नाही. त्याच रात्री बॉब डिलनचा कार्यक्रम आहे, तिकीट ४० डॉलर. डिलनला ऐकायला तुम्ही एरवी जास्तीत जास्त ५० डॉलर मोजायला तयार असता. दुसरा काही खर्च नाही. तर क्लॅप्टनला जाण्याचा वैकल्पिक खर्च, म्हणजे त्यापायी हुकलेल्या दुसऱ्या पर्यायाचा लाभ, किती? पर्याय: शून्य, १०, ४०, ५०. उत्तर १०, कारण डिलनला गेला असता तर ५० चं सुख ४० ला मिळालं असतं. हातचं गेलं ते मधलं १०. हे उत्तर फक्त २१.६ टक्के अर्थशास्त्रज्ञांनी दिलं. डोळे मिटून बोट ठेवलं असतं तरी २५ टक्के बरोबर आले असते! त्याहून बोचणारी गोष्ट विद्यार्थ्यांची. प्राथमिक अर्थशास्त्र शिकलेल्यांपैकी ७.४ टक्क्यांचं उत्तर बरोबर आलं, कधीच न शिकलेल्यांपैकी १७.२ टक्क्यांचं. पुढे काहींनी मुद्दा काढला की वैकल्पिक खर्चाची व्याख्याच पुरेशी काटेकोर नाही, त्यामुळे इतर उत्तरांचंही समर्थन होऊ शकतं. असेलही. पण मग जी संकल्पना आपण पहिल्या आठवड्यात व्याख्येसह लिहून देतो आणि पुढे निघून जातो, तिच्याबद्दल आपलंच एकमत नाही हे जास्तच गंभीर झालं.

प्रश्न विचारून उत्तर काढून घ्यायची शिस्तशीर पद्धत भौतिकशास्त्रवाल्यांनी आपल्या आधी बसवली. हार्वर्डचे एरिक माझूर १९९१ पासून ती वापरत आले. फळ्यावर एक संकल्पनेचा प्रश्न, चार पर्याय. प्रत्येकाने एकट्याने उत्तर द्यायचं. साधारण तीस ते सत्तर टक्के बरोबर असतील तर शेजाऱ्याला पटवून द्यायला दोन-तीन मिनिटं, मग पुन्हा उत्तर. सगळेच चुकत असतील तर चर्चेने काही होत नाही, तिथे शिकवावंच लागतं. सगळेच बरोबर असतील तर पुढे चला. यंत्रं, ॲप वगैरे काही लागत नाही. मी मुलांना छातीशी हात धरून एक ते चार बोटं दाखवायला सांगते. मला दिसतं, शेजाऱ्याला दिसत नाही. हात उंच करायला सांगितला की सगळे पुढच्या बाकावरच्या हुशार मुलीकडे बघतात आणि मग बोटं काढतात. क्षुल्लक वाटेल, पण सगळी पद्धत या एका गोष्टीवर उभी राहते किंवा पडते.

आता एक प्रयोग तपशिलात सांगते, कारण तुम्ही एकच गोष्ट उचलणार असाल तर ही उचला.

सोळा जणांचा एक गट. आठ ग्राहक, आठ विक्रेते. ग्राहकांच्या चिठ्ठ्यांवर १०, ९, ८ असं खाली ३ पर्यंत. विक्रेत्यांच्या चिठ्ठ्यांवर २, ३, ४ असं वर ९ पर्यंत. चिठ्ठी कुणाला दाखवायची नाही. ग्राहकाचा आकडा म्हणजे ती वस्तू त्याच्या लेखी किती मोलाची. विक्रेत्याचा आकडा म्हणजे त्याला ती किती गुणांना पडली. प्रत्येकाने एका फेरीत एकच सौदा करायचा. ग्राहकाचा फायदा म्हणजे चिठ्ठीतून भाव वजा, विक्रेत्याचा फायदा म्हणजे भावातून चिठ्ठी वजा. सौदा नाही जमला तर शून्य. सव्वाशे मुलांचे सात-आठ गट होतात. प्रत्येक गटात एक मुलगा सौद्यांचे भाव मोठ्याने पुकारतो आणि सगळ्यांना दिसतील असे लिहितो. पाच-पाच मिनिटांच्या चार फेऱ्या.

पहिल्या फेरीत भाव ४ ते ९ असे कुठेही पडतात. तिसऱ्या-चौथ्या फेरीपर्यंत बरेचसे सौदे ५, ६, ७ च्या आसपास येतात. मग चिठ्ठ्या उघडायच्या, उतरत्या आणि चढत्या क्रमाने फळ्यावर मांडायच्या. मुलं स्वतःच बघतात की दोन जिने ६ वर भेटतात. मागणी-पुरवठ्याचा छेद त्या दिवशी पहिल्यांदा आकृती न राहता त्यांनी केलेली गोष्ट होतो.

पण खरी मजा पुढे आहे. विचारा: आठच्या आठ जोड्यांचे सौदे झाले तर चांगलं की पाचच झाले तर? सगळे म्हणतात, आठ. मग हिशोब करायला लावा. १० वाल्याने २ वाल्याशी, ९ ने ३ शी, ८ ने ४ शी, ७ ने ५ शी, ६ ने ६ शी सौदा केला तर गटाचा एकूण फायदा ८ + ६ + ४ + २ + ०, म्हणजे २०. आता १० ची जोडी ९ शी, ९ ची ८ शी, अशी शेवटपर्यंत लावा. आठही सौदे होतात, प्रत्येकात फायदा १, एकूण ८. उलाढाल जास्त, लाभ निम्म्याहून कमी. ‘कार्यक्षमता’ हा शब्द व्याख्येतून शिकवायला मला दोन तास लागायचे आणि तरी कळायचा नाही.

हा खेळ माझ्या डोक्यातून निघालेला नाही. एडवर्ड चेंबरलिन यांनी हार्वर्डमध्ये विद्यार्थ्यांकडून असाच बाजार भरवून घेतला आणि १९४८ साली निष्कर्ष छापले. मुलं एकमेकांना गाठून खासगीत सौदे करायची, आणि भाव काही समतोल किमतीला, म्हणजे मागणी आणि पुरवठा जुळतात त्या किमतीला, येत नसे. त्या वर्गातल्या विद्यार्थ्यांपैकी व्हर्नन स्मिथ यांनी पुढे नियम बदलले: बोली सगळ्यांसमोर पुकारायची आणि फेऱ्या पुन्हा पुन्हा घ्यायच्या. भाव भराभर जागेवर यायला लागले. ते संशोधन १९६२ चं. २००२ चं अर्थशास्त्राचं नोबेल त्यांना विभागून मिळालं. मुलांना हा किस्सा मी मुद्दाम सांगते, कारण ‘बाजार’ म्हणजे हवेतून आपोआप चालणारी शक्ती नसून त्याला नियम असतात आणि नियम बदलले की निकाल बदलतो, हे त्यातून सहज कळतं.

दुसऱ्या दिवशी कर. प्रत्येक सौद्यामागे विक्रेत्याने २ गुण मला द्यायचे. खेळायच्या आधी कागदावर लिहा: भाव किती होईल? बहुसंख्य लिहितात, ८. ‘विक्रेता कशाला स्वतःच्या खिशातून देईल?’ खेळल्यावर भाव ७ च्या आसपास थांबतो. ग्राहक ७ देतो, विक्रेत्याच्या हातात ५ उरतात. कर निम्मा निम्मा. मग मी म्हणते, बरं, आता विक्रेत्याला सोडू, ग्राहकाकडून २ घेऊ. पुन्हा अंदाज लिहा. आता बरेच जण लिहितात की ग्राहकाचं नुकसान होईल. खेळल्यावर भाव ५ वर येतो. ग्राहक ५ आणि वर २ असे ७ देतो. विक्रेत्याला ५ मिळतात. हुबेहूब तेच! वर्गात या जागी जी शांतता पसरते ती तुम्ही सांगितलेल्या शांततेहून वेगळी असते.

आणि इथे थांबू नका. तिसऱ्या खेपेला सगळ्या विक्रेत्यांना एकच आकडा द्या, ६. विक्रेत्यांवर २ कर लावला की भाव बरोबर ८ होतो. म्हणजे घरगुती अर्थशास्त्र सरसकट चूक नव्हतं. ते एका विशिष्ट परिस्थितीत खरं होतं आणि मूल ती परिस्थिती सगळीकडे धरून चाललं होतं. मुलाचा मान राहतो. लवचिकता (भाव बदलला की मागणी किंवा पुरवठा किती बदलतो) ही संकल्पना मग त्याच्याच प्रश्नाचं उत्तर म्हणून येते: ‘कधी निम्मा आणि कधी सगळा, हे ठरतं कशावरून?’ सूत्र त्यानंतर दिलं तर ते टिकतं.

माझी फजितीही सांगून टाकते. पहिल्या वर्षी मी हा खेळ समतोल किंमत शिकवून झाल्यावर घेतला. मुलांनी दोन मिनिटांत ‘उत्तर ६ यायला पाहिजे ना मॅडम?’ असं विचारलं आणि सगळ्यांनी ६ ला सौदे करून चिठ्ठ्या परत दिल्या. गुण द्यायची घोषणा केली होती ती वेगळीच आफत: दोन गट सरळ आपसात ठरवून बसले. आता मी खेळाला गुण देत नाही, अंदाज लिहिल्याचे देते. अंदाज बरोबर असो वा चूक, गुण तेवढेच.

खेळ झाला की भाषेकडे वळा. मराठीतून हा विषय शिकणाऱ्याची एक अडचण आपण कधी बोलूनच दाखवत नाही. एका उत्तरपत्रिकेत मी हे वाक्य वाचलं होतं: ‘किंमत वाढली की मागणी कमी होते, मागणी कमी झाली की किंमत कमी होते, म्हणून किंमत शेवटी वाढत नाही.’ मुलगा मंद नव्हता. त्याला आपण ‘मागणी’ हा एकच शब्द दोन गोष्टींसाठी दिला होता: एका विशिष्ट किमतीला लोक घेऊ इच्छितात ती नगसंख्या, आणि सगळ्या किमतींना मिळून तयार होणारा अख्खा वक्र. मग वर आपण त्याला ‘मागणीचा विस्तार’ आणि ‘मागणीतील वाढ’ यांतला फरक लिहायला सांगतो. रोजच्या मराठीत विस्तार आणि वाढ यांत असा काय फरक आहे? तो फरक पाठ करण्यापलीकडे त्याच्या हातात काही नाही. मी वर्गात हे शब्द बऱ्याच उशिरा आणते. आधी ‘वक्रावरून चालणं’ आणि ‘वक्र उचलून दुसरीकडे ठेवणं’ एवढंच म्हणते. ‘इतर परिस्थिती कायम असता’ हा मंत्र आल्याबरोबर थांबवते: इतर म्हणजे काय काय, तीन गोष्टी सांग. सांगता आल्या नाहीत तर मंत्र म्हणायचा नाही.

(जाता जाता: गणितात स्वतंत्र चल आडव्या अक्षावर घेतात हे शिकून आलेलं मूल किंमत उभ्या अक्षावर बघून गोंधळतं, तेव्हा ‘असंच असतं’ म्हणू नका. फ्रेंच अर्थशास्त्रज्ञ कूर्नो यांनी १८३८ मध्ये किंमत आडव्या अक्षावरच घेतली होती. इंग्लंडचे अर्थशास्त्रज्ञ आल्फ्रेड मार्शल यांच्या १८९० च्या ग्रंथानंतर उभी मांडणी रूढ झाली आणि चिकटली. हे सांगितलं की मुलाचा गोंधळ रास्त ठरतो, पुढे त्रास होत नाही.)

महागाईचंही तसंच. महागाईचा दर ८ टक्क्यांवरून ५ वर आला, तर वस्तू स्वस्त झाल्या की महाग? बोटं दाखवायला सांगा. दरवर्षी निम्म्याच्या आसपास वर्ग ‘स्वस्त’ म्हणतो. मग १०० पासून सुरू करून हातानेच काढायला लावा: १०८, आणि त्याच्यावर ५ टक्के म्हणजे ११३.४. पातळी आणि वाढीचा वेग यांतला फरक एकदा असा हातातून गेला की राष्ट्रीय उत्पन्न, सरकारी कर्ज, तूट, सगळीकडे कामाला येतो.

तुम्ही म्हणाल, एवढा वेळ कुठून आणायचा? अभ्यासक्रम संपत नाही. खरं आहे, आणि इथे उपाय कठोर आहे: कापा. अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज स्टिगलर यांनी १९६३ मध्येच शंका काढली होती की प्राथमिक अर्थशास्त्राचा वर्ग केलेला आणि न केलेला यांच्यात काही वर्षांनी फरक ओळखता येणार नाही. भाराभर विषय उरकण्यापेक्षा थोडी हत्यारं घ्या आणि तीच पुन्हा पुन्हा वापरायला लावा, असं त्यांचं म्हणणं होतं. पाठ्यपुस्तकं मात्र तेव्हापासून जाडच होत गेली. अभ्यासक्रम बदलणं तुमच्या हातात नसेल, पण कुठल्या प्रकरणाला किती तास द्यायचे हे असतं. मी समवृत्ती वक्रांचे तास निम्मे केले आणि बाजाररचनेची ‘वैशिष्ट्ये’ मुलांना घरी वाचायला दिली. कुणाचं काही अडलं नाही.

काय शिकवावं हा वाद वेगळा आणि जुना. २००८ च्या आर्थिक अरिष्टानंतर ब्रिटनच्या राणीने लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये विचारलं की हे कुणाच्याच लक्षात कसं आलं नाही. २०११ मध्ये हार्वर्डच्या प्राथमिक अर्थशास्त्राच्या तासातून काही विद्यार्थी निषेध म्हणून उठून गेले. २०१४ मध्ये अनेक देशांतल्या विद्यार्थी संघटनांनी मिळून अभ्यासक्रमात विविध विचारधारा हव्यात असं खुलं पत्र काढलं. त्याच सुमाराला कोअर नावाच्या प्रकल्पाने विषमता, आर्थिक इतिहास, पर्यावरण यांपासून सुरुवात करणारं मोफत पाठ्यपुस्तक तयार केलं. ते मला आवडतं, मी वापरतेही. पण नवी सामग्री जुन्या पद्धतीने, म्हणजे ‘वैशिष्ट्ये स्पष्ट करा’ छापाने शिकवली तर मुलं मार्क्स, केन्स आणि हायेक यांचे तीन स्तंभांचे तक्ते पाठ करतील एवढंच होईल. विविध विचारधारांची ओळख मतभेद सोडवायला लावून करून द्यावी.

दोन जागा त्यासाठी नामी आहेत. एक, किमान वेतन. पुस्तकातला पुरवठा-मागणीचा आलेख म्हणतो, किमान वेतन समतोलाच्या वर नेलं की रोजगार घटणार. १ एप्रिल १९९२ ला अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्याने किमान वेतन ताशी ४.२५ वरून ५.०५ डॉलर केलं. शेजारच्या पेनसिल्व्हेनियाने केलं नाही. डेव्हिड कार्ड आणि ॲलन क्रूगर या अर्थशास्त्रज्ञांनी दोन्हीकडच्या ४१० फास्ट फूड उपाहारगृहांची आधी आणि नंतर विचारपूस केली. न्यू जर्सीत रोजगार घटल्याचा पुरावा त्यांना मिळाला नाही. १९९४ मध्ये हे छापून आल्यावर गदारोळ झाला. न्यूमार्क आणि वॉशर या दुसऱ्या दोन अर्थशास्त्रज्ञांनी पगारपत्रकांची आकडेवारी घेऊन उलटा निष्कर्ष काढला, मग पहिल्या दोघांनी त्याला उत्तर दिलं. अर्ध्या वर्गाला एक बाजू, अर्ध्याला दुसरी द्या आणि विचारा: तुमच्या विरुद्ध बाजूचा सगळ्यात भक्कम मुद्दा कोणता? आलेख खोटा ठरला असं शिकवायचं नाही. एकच मालक मोठा असेल तर आलेख कसा बदलतो, हा पुढचा तास तिथूनच निघतो.

दुसरी जागा पतनिर्मिती, म्हणजे बँका कर्जातून नवा पैसा कसा तयार करतात ते. ठेव १००, रोख राखीव प्रमाण (ठेवींपैकी बँकेने बाजूला ठेवायचा वाटा) १० टक्के, म्हणून एकूण ठेवी १०० भागिले ०.१, म्हणजे १०००: हे गणित आपण सगळ्यांनी सोडवलंय आणि अजून सोडवून घेतो. बँक ऑफ इंग्लंडने २०१४ च्या आपल्या त्रैमासिकात स्वच्छ लिहिलं की आजच्या व्यवस्थेत असं होत नाही. बँक कर्ज देते तेव्हाच कर्जदाराच्या खात्यात नवी ठेव तयार होते, आणि त्याला मर्यादा पडते ती मुख्यतः नफ्याची, जोखमीची, नियमांची आणि व्याजदराची. हे वाक्य मुलांना आयतं देऊ नका. त्याऐवजी विचारा: मार्च २०२० मध्ये अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेने राखीव प्रमाण शून्यावर आणलं. आपल्या सूत्रात शून्य घाला. उत्तर अनंत. मग अमेरिकेत अनंत पैसा झाला का? नाही झाला, तर सूत्रात काय राहून गेलं? हा प्रश्न मी गेली काही वर्षं विचारतेय. कर्ज घ्यायला कुणी यावं लागतं हे एखादा पाठीमागच्या बाकावरचा मुलगाच आधी म्हणतो. पाठांतर पक्कं असलेल्यांना वेळ लागतो.

गणिताबद्दल थोडक्यात. त्याला घाबरायचं नाही आणि त्याच्यामागे लपायचंही नाही. मार्शल यांनी १९०६ साली आर्थर बोली या संख्याशास्त्रज्ञांना लिहिलेल्या पत्रात आपला नियम सांगितला होता: गणित लघुलिपीसारखं वापरा, मग साध्या भाषेत मांडा, प्रत्यक्षातल्या उदाहरणांनी दाखवा, आणि गणित जाळून टाका. जाळायला मी सांगत नाही. प्रत्येक सिद्धतेखाली एकही चिन्ह न वापरता तीन वाक्यं लिहायला लावते. ज्याला ती येत नाहीत त्याला सिद्धता आलेली नसते.

आता परीक्षा. तुम्ही वर्गात काहीही केलंत आणि प्रश्नपत्रिकेत ‘घटत्या सीमांत उपयोगितेचा सिद्धांत आकृतीसह स्पष्ट करा’ आलं, तर मुलं शहाणी आहेत, तीही तेवढंच करतील. सगळी प्रश्नपत्रिका तुमच्या हातात नसेल. अंतर्गत मूल्यमापन तरी असेल. त्यात एक परिच्छेद द्या, वरवर पटणारा पण एका जागी चुकलेला, आणि चूक शोधून दुरुस्त करायला सांगा. वर लिहिलेलं ‘किंमत शेवटी वाढत नाही’ हे वाक्य मी असंच वापरते. चॅटबॉटने लिहिलेली उत्तरंही याला उत्तम: भाषा गुळगुळीत, आणि कुठेतरी नगसंख्या आणि वक्र यांची गल्लत झालेली सापडते. घरून लिहून आणलेल्या कामावर विश्वास ठेवणं आता अवघडच झालंय, म्हणून प्रत्येक सत्रात एकदा मी प्रत्येकाला पाच मिनिटं समोर बसवून एकच प्रश्न तोंडी विचारते. सव्वाशे मुलांना साधारण अकरा तास लागतात. तेवढेच तास निबंध तपासण्यात जायचे, आणि कळायचं काहीच नाही.

मुलांनी अभ्यास कसा करावा? पुस्तक पुन्हा पुन्हा वाचून नव्हे. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये दाखवलं की उतारा पुन्हा वाचणाऱ्यांना पाच मिनिटांनी जास्त आठवतं. पण एका आठवड्यानंतर उतारा मिटवून आठवून लिहिणाऱ्यांना ५६ टक्के, पुन्हा वाचणाऱ्यांना ४२ टक्के. मी सांगते: वही बंद, कोरा कागद, आकृती काढ, आणि प्रत्येक रेषेजवळ ‘ही अशी का उतरते?’ याचं एक वाक्य लिही. मग वही उघड. रेषा आली आणि वाक्य नाही आलं, तर तेवढाच भाग पुन्हा. आकडेवारीसाठी जागतिक बँकेचं मोफत संकेतस्थळ पुरे. सत्रातून दोनदा मुलाने स्वतः दोन देशांचा एक आलेख काढायचा आणि खाली लिहायचं की भागिले काय केलंय: दरडोई, टक्के की नुसती रक्कम.

एका गोष्टीची मानसिक तयारी ठेवा. पहिल्या वर्षी विद्यार्थ्यांचे तुमच्याविषयीचे अभिप्राय खाली जातील. २०१९ मध्ये हार्वर्डमधल्या भौतिकशास्त्राच्या वर्गांवर डेलॉरिए आणि सहकाऱ्यांनी प्रयोग केला: स्वतः झगडून शिकलेल्या मुलांचे चाचणीतले गुण जास्त आले, पण ‘आम्ही जास्त शिकलो’ असं वाटलं ते छान व्याख्यान ऐकलेल्यांना. ओघवतं व्याख्यान ऐकताना सगळं कळतंय असं वाटतंच, मलाही वाटतं. म्हणून पहिल्या तासालाच मुलांना हे सांगून टाका, आणि महिन्याभराने त्यांचे पहिल्या दिवशीचे अंदाज लिहिलेले कागद त्यांना परत द्या. आपणच लिहिलेलं ‘भाव ८ होईल’ वाचून ती हसतात.

व्याख्यान पूर्ण बंद मात्र करू नका. मुलं चुकली, अडली, वाद घालून दमली की मग वीस मिनिटांचं नीट बांधलेलं व्याख्यान लागतंच, आणि तेव्हा ती खरोखर ऐकतात. ज्यांना वर्गात बोलायला संकोच वाटतो त्यांच्यासाठी लेखी अंदाज पुरेसा आहे, त्यांना उभं करू नका.

सगळं एकदम सुरू केलंत तर तीन आठवड्यांत थकाल. येत्या सत्रात फक्त कराचा खेळ आणि दर तासाला एक बोटांचा प्रश्न एवढंच करा. चिठ्ठ्या जाड कागदाच्या करा, ग्राहकांच्या एका रंगाच्या आणि विक्रेत्यांच्या दुसऱ्या, आणि तास संपताना मोजून परत घ्या. दरवर्षी १० नंबरच्या दोन-तीन तरी हरवतात.